पांढरी सोडलेली जागा

बसलात? पाठ टेकली तरी चालेल. घाई कसलीच नाही.

‘ऑफेलिया’ हे चित्र कुठल्या ना कुठल्या पुस्तकात तुम्ही पाहिलं असेल. पाण्यात उताणी तरंगणारी मुलगी, ओठ किंचित उघडे, तळवे आकाशाकडे. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलेल्या ‘हॅम्लेट’मधली ही. आज तिला जरा बाजूला ठेवू. ती चित्रात अजून आलेलीच नाही.

डोळे मिटा. साल १८५१, दिवस उन्हाळ्याचे. इंग्लंडच्या सरे परगण्यात, युएल गावाजवळ हॉग्जमिल नावाची नदी वाहते. नदी म्हणायचं इतकंच. आपण तिला ओढाच म्हटलं असतं. काठावर बावीस वर्षांचा जॉन एव्हरेट मिले कॅनव्हास मांडून बसला आहे. दिवसाला अकरा-अकरा तास, आठवड्याचे सहा दिवस. असे जवळजवळ पाच महिने तो बसणार आहे. माश्या फोडून काढतात. शेतात घुसून गवत तुडवलं म्हणून कोर्टात खेचायची धमकीही मिळते. तो हलत नाही.

त्याच्या शेजारी बसा. समोरच्या झाडोऱ्यातलं एकच पान निवडा. श्वास आत घ्या, सोडा, आणि पुन्हा त्याच पानाकडे या. कडेला किडीने कुरतडलंय का? देठाशी रंग फिका आहे का? ‘हिरवं’ हा शब्द मनात आला तर येऊ द्या आणि जाऊ द्या, कारण त्या शब्दाने फार काही दिसत नाही. मिले आणि त्याचे मित्र पांढऱ्याशुभ्र अस्तरावर पातळ रंग लावत, म्हणजे उजेड रंगातून आत शिरावा आणि खालच्या पांढऱ्यावर आपटून परत यावा. त्यामुळे या काठावरची सावलीसुद्धा ओली वाटते. इथे खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटल आहे, वाळकी पानं आहेत, मोडून पाण्यावर ओणवलेली विलोची फांदी आहे. महिने सरत गेले, एक बहर ओसरला, दुसरा आला. तरी चित्रात वेगवेगळ्या हंगामांची फुलं एकत्र नांदतात. कुणी त्याला चूक म्हणेल. मला ते पाच महिने एका जागी बसल्याची खूण वाटते.

आणि आता मधोमध पाहा. सगळा काठ भरत आला, पाणी आलं, पाण्यावरची फुलं आली, आणि मध्ये एक जागा कोरी आहे. माणसाएवढी. बहुतेक चित्रकार आधी माणूस उभा करतात आणि मग मागे झाडं लावतात. इथे उलटं आहे. त्या कोऱ्या जागेपाशी थोडं थांबा. ती भरायची घाई मनाला होईल, ती नुसती पाहा.

(मध्येच एक उंदीर येऊन गेला, पाणउंदीर. मिलेने तो मन लावून रंगवला. मित्राच्या नातेवाइकांना चित्र दाखवलं तर त्यांना तो ससा वाटला, कुत्रा वाटला, मांजर वाटलं. उंदीर पुसला गेला. त्याचं कच्चं रेखाटन मात्र कॅनव्हासच्या कोपऱ्यात, चौकटीआड, अजून आहे म्हणतात. हसू आलं तर हसा.)

हिवाळा आला. लंडन, गॉवर स्ट्रीट. पाण्याने भरलेला टब, खाली पाणी कोमट ठेवायला तेलाचे दिवे. टबात एलिझाबेथ सिडल, त्याच्याच वयाची, टोप्यांच्या दुकानात काम केलेली. पुढे स्वतः चित्रं काढणारी, कविता लिहिणारी. अंगात जुना झगा, चांदीच्या जरीचा, चार पौंडांना घेतलेला. ती पडून आहे. तो रंगवतो आहे.

दिवे विझतात. त्याच्या लक्षात येत नाही. ती काही बोलत नाही.

इथे थांबा. मन पुढे पळेल: ती आजारी पडली, वडिलांनी कोर्टाची भाषा केली, मिलेने डॉक्टरचं बिल भरलं. ते सगळं नंतरचं. आत्ता फक्त पाणी गार होत चाललंय. नेटलच्या एकेका पानाला दिवस देणारे तेच डोळे हातभर अंतरावर आहेत, ते तिच्या केसांवर, बाहीवर, पाण्यात फुगलेल्या जरीवर खिळलेले आहेत. त्यांची एकाग्रता खोटी नाही. ती त्या काठावर होती तितकीच इथेही आहे.

तुमचे तळवे मांडीवर उघडे ठेवा, तिचे आहेत तसे. बोटांची टोकं कशी लागतायत? गार, की कोमट? ती जागा आता भरत आली आहे. मान झाली, ओठ झाले, आता हात चालू आहे.

टबाखाली अंधार आहे. किती वेळ झाला असेल?