श्रावणबाळ गेल्यावर

श्रावणबाळाची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती बहुधा कावडीपाशीच थांबते. दोन पारड्यांत आंधळे आईबाप, मध्ये मुलाचा खांदा आणि पायाखाली तीर्थयात्रेची वाट. एवढे चित्र उभे केले की संस्काराचे काम झाले असे आपल्याला वाटते. पण गोष्ट तिथे संपत नाही. रात्रीच्या अंधारात पाणी भरणाऱ्या त्या मुलाला दशरथ राजाचा बाण लागतो. पुढचा भाग आपण घाईघाईने उरकतो, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे. रात्र होती, पाहणारे कोणी नव्हते, म्हातारी माणसे आंधळी होती. राजा निमूटपणे अयोध्येला परतला असता, तर त्याला विचारणारे कोण होते? पण तो पाण्याचे भांडे घेऊन त्या दोघांपुढे गेला आणि काय घडले ते त्याने आपल्या तोंडाने सांगितले. मुलगा परत देणे त्याच्या हाती नव्हते. त्याने उत्तर तेवढे दिले, आणि त्या उत्तराबरोबर आलेला शापही पदरात घेतला.

ही गोष्ट गेली दोन वर्षे माझ्या मनात घोळते आहे, त्याला कारण आमच्या गल्लीतल्या आक्का. निपाणी भागातल्या हजारो बायकांप्रमाणे त्यांनीही सारा जन्म विड्या वळण्यात घालवला. आज वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर आहे. तो वाईट नाही. जमेल तेवढे पाठवतो, सणाला येतो. त्याची खोली दहा बाय दहाची आणि घरात पाच माणसे. त्यामुळे आक्का इकडेच एकट्या राहतात आणि सरकारकडून येणाऱ्या 'पगारावर' औषधपाणी भागवतात. वृद्धाप्य वेतनाला आमच्याकडे म्हातारी माणसे पगारच म्हणतात. मला तो शब्द आवडतो. त्यात भीक नाही, केलेल्या कामाची आठवण आहे.

दोन वर्षांपूर्वी हा पगार थांबला. आधी यंत्रावर अंगठा उमटेना. विड्या वळून वळून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. मग खात्यात पैसे यायचेच बंद झाले. मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. खिडकीतला कारकून सज्जन होता, आमच्याशी मराठीत बोलला. पण त्याच्याजवळ एकच वाक्य होते, "वरून बंद झालंय." वरून म्हणजे कुठून? ते त्यालाही ठाऊक नव्हते. तिथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असे सात महिने गेले. एकदा पायरीवर टेकून आक्का म्हणाल्या, "मास्तर, पैसं न्हाईत तर न्हाईत म्हणा. पर का थांबलं तेवढं कुणीतरी सांगा की."

जबाबदारी हा शब्द आपण रोज वापरतो. त्यात 'जबाब' आहे, हे मात्र आपण विसरलो आहोत. जबाबदार म्हणजे ज्याने जबाब द्यायचा तो. गंमत अशी की कन्नडमध्येही हाच शब्द आहे, गुजराती आणि हिंदीतही आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे भाषेवरून कितीही वाद असोत, या एका शब्दाच्या अर्थाबद्दल वाद नाही. आक्का मागत होत्या तो नेमका हा जबाब.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. म्हाताऱ्यांना सांभाळणे हे मुलांचे काम, त्यात सरकार कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आईबापांचे ऋण फेडणे हा आपल्या घरांचा कणा आहे, आणि सरकारने सगळेच करावे असे म्हणणाऱ्याच्या मनात कधीकधी आपला वाटा टाळण्याचा सुप्त विचार असतो. कायद्यानेही हे ओळखले आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ सालचा कायदा मुलांवर पोटगीचे बंधन घालतो. म्हातारा बाप प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दाद मागू शकतो, आणि वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठीकच आहे. पण त्याच कायद्याचे १९ वे कलम वाचावे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निदान एक वृद्धाश्रम सरकार काढू 'शकेल', असे ते म्हणते. मुलाने सांभाळले 'पाहिजे', सरकार सोय करू 'शकेल'. एकाला बंधन आणि दुसऱ्याला मुभा. मुलगा चुकला तर त्याला समोर उभे करून विचारता येते. सरकार चुकले तर आक्कांनी कोणाला उभे करायचे?

शिवाय ही दोन कर्तव्ये एका जातीची नाहीत. मुलाचे कर्तव्य मायेचे आणि ऋणाचे आहे, राज्याचे कर्तव्य न्यायाचे आहे. एक पार पडले म्हणून दुसरे फिटत नाही. पलीकडे कागल तालुक्यात आक्कांची धाकटी बहीण राहते. तिला महाराष्ट्राची योजना लागू आहे. त्या योजनेचे नाव काय, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन! कर्नाटकाने २००७ साली काढलेल्या योजनेचे नाव संध्या सुरक्षा, गोव्याची दयानंद सामाजिक सुरक्षा. नदी ओलांडली की रक्कम बदलते, नियम बदलतात. गुडघे मात्र दोन्ही बहिणींचे सारखेच दुखतात. परंतु ज्या राज्याने आपल्या योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले, त्याने तो खांदा आपणहून पुढे केला आहे. आता कावड जड लागते म्हणून वाटेत ठेवून देता येणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. राज्यघटनेचे ४१ वे कलम म्हातारपणी व आजारपणी सार्वजनिक साहाय्य मिळावे असे सांगते, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. ३७ वे कलम तर सांगते, ही तत्त्वे राज्यकारभाराला मूलभूत असली तरी न्यायालयातून वसूल करता येणार नाहीत. गरीब देशाला मर्यादा असणारच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धाप्य वेतन सुरू झाले तेव्हा केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये होता. पुढे तो २०० झाला, २०११ मध्ये ऐंशी ओलांडलेल्यांसाठी ५०० झाला. ऐंशीच्या आतल्यांचे २०० मात्र त्यानंतर वर्षानुवर्षे हलले नाहीत. बाकीची भर राज्यांनी घालायची. ही रक्कम का वाढत नाही, याचाही जबाब कोणी देत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की तिजोरीला मर्यादा असतात, उत्तराला नसतात. 'देता येत नाही, कारण अमुक' हे सांगायला कितीसे पैसे पडतात? आरोग्याचेही तसेच. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळाले. चांगली गोष्ट झाली. पण ते संरक्षण दवाखान्यात दाखल होणाऱ्याचे आहे. रोजची रक्तदाबाची गोळी, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणारा हात, विसरभोळ्या आजोबांना घराबाहेर पडताना अडवणारे माणूस, हे त्यात बसत नाही. म्हातारपणाचे बहुतेक दिवस दवाखान्यात जात नाहीत, घरात जातात. वृद्धांच्या हक्कांवरील एका याचिकेवर १३ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सन्मान, निवारा आणि आरोग्य हे जगण्याच्या हक्काचेच भाग मानले. सन्मान हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. उत्तर न मिळणे हा मोठा अपमान आहे, कारण त्यात समोरच्याला हिशेबातच धरलेले नसते.

आता माझ्या पदरची गोष्ट सांगितली पाहिजे. आठव्या महिन्यात मला एक जुना विद्यार्थी आठवला, तो वरच्या हुद्द्यावर आहे. त्याला फोन केला. तीन आठवड्यांत पगार सुरू झाला. आक्कांनी पेढे दिले, गल्लीने कौतुक केले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आमच्याबरोबर रांगेत एक धनगर आजोबा असत. त्यांच्याकडे मास्तर नव्हता. ते अजून तिथेच होते. आक्कांचे काम झाले, पण उत्तर त्यांनाही मिळाले नव्हते. वशिल्याने मिळालेला हक्क हा हक्क राहत नाही, तो उपकार होतो. आणि उपकार करणाऱ्याला जबाब विचारता येत नाही. मी चांगुलपणाने जे केले, त्यामुळे त्या कचेरीला उत्तर न देण्याची आणखी एक सवलत मिळाली.

म्हणून या वर्षी आम्ही वेगळे केले. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तीस दिवसांत उत्तर द्यायला सांगतो. ज्याला लिहिता येत नाही, त्याची तोंडी मागणी लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत करावी, असेही त्यात आहे. कोणत्याही गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो, असे घटनेचे ३५० वे कलम म्हणते. आपल्या घरांत दोन-दोन, तीन-तीन भाषा नांदतात, त्याचा उपयोग दुकानात आणि नात्यागोत्यात होतो, तसा इथेही व्हावा. मी मराठीत मजकूर केला, माझ्या सुनेने तो कन्नडमध्ये उतरवला. एक अर्ज आक्कांचा, एक धनगर आजोबांचा. मागणी एकाच ओळीची. पगार कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या कारणाने थांबला?

आक्कांचा मुलगा दिवाळीला आला होता. तो म्हणाला, "मास्तर, मिळतंय न्हवं आता? कशाला उकरून काढताय?" मी आक्कांकडे पाहिले. त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विचारू दे. उद्या परत थांबला तर? आनि त्या म्हाताऱ्याचं काय?"

अर्जाची पोच त्यांनी पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाच्या खाली ठेवली आहे. तीस दिवस अजून व्हायचे आहेत.