उर्दूचा गुन्हा कोणता?

आम्ही उत्तनला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्यामुळे २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन आला की मनात एक काटा सलतो. १९९९ साली युनेस्कोने जाहीर केलेल्या या दिवसामागे १९५२ चा ढाक्यातील गोळीबार आहे, आणि तो उर्दूच्या सक्तीपायी झाला होता.

पाकिस्तानात निम्म्याहून अधिक लोक बंगाली बोलत. तरीही १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात बजावले की राज्यभाषा उर्दूच राहील. गोळ्या झाडणारे राज्य मुसलमानांचे, मरणारेही मुसलमान. धर्म एक म्हणून भाषाही एकच, हा हट्ट केवढा महाग पडला!

तेव्हा सतरा वर्षांचे असलेले अब्दुल गफ्फार चौधरी यांनी एका शहिदाचे प्रेत पाहून कविता लिहिली. अल्ताफ महमूद यांच्या चालीवरचे तिचे गाणे त्या दिवसाची ओळख बनले. १९७४ मध्ये पत्नीच्या उपचारांसाठी चौधरी लंडनला गेले आणि तिथलेच झाले. पण लेखणीने वतन सोडले नाही. ढाक्याच्या वृत्तपत्रांत ते बंगालीतून स्तंभ लिहीत राहिले. १९ मे २०२२ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. दफन मात्र ढाक्यात झाले.

उर्दूच्या शिक्षकाने या माणसाला आपला मानावे काय? आम्ही म्हणतो, जरूर मानावे. बंगालीलाही राज्यभाषेचा दर्जा द्या, एवढीच त्या आंदोलनाची मागणी होती. उर्दू मिटवा, असे त्यात नव्हते. गुन्हा सत्तेचा होता. गालिबच्या जबानीचा नव्हता.

मात्र न्यायाचे माप दोन्हीकडे सारखे हवे. १९७१ नंतर त्याच बांगलादेशात उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांच्या पिढ्या छावण्यांत खितपत पडल्या. त्यांच्या नागरिकत्वावर ढाक्याच्या उच्च न्यायालयाची मोहोर उमटायला २००८ साल उजाडले. काल ज्याने सोसले, तो आज दुसऱ्याला सोसायला लावणार नाही, याची हमी कोणतीच भाषा देत नाही. ती माणसांनीच द्यायची असते.

आमच्या उत्तनचे ख्रिस्ती कोळी घरात आपली मराठी बोलतात. कोणी त्यांना विचारत नाही की ही भाषा तुमच्या धर्माची आहे का. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि बंगाली यांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. आपण मराठी मनापासून शिकावी, लिहावी; आणि उर्दूही तितक्याच मोकळेपणाने जपावी. एकीवर प्रेम सिद्ध करण्यासाठी दुसरीचा गळा दाबावा लागत असेल, तर ते प्रेम कसले?