समुद्राला कुंपण नसते, तरीही…

पनवेलची खाडी ठाण्याच्या खाडीला मिळते, तिथून मुंबई बंदर आणि पुढे खुला अरबी समुद्र. नकाशावर कुठे अडसर दिसत नाही. मग पोहण्यात तरबेज असलेल्या डॉल्फिनला कोकणातून थेट ओमानपर्यंत जायला कोण अडवणार? समुद्रातल्या प्राण्यांविषयी बराच काळ असाच विचार होत असे. तो पुढे कसा बदलत गेला, हे आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने मोलाचे आहे.

कोकण किनाऱ्यालगत दिसतो तो हिंदी महासागरातला हम्पबॅक डॉल्फिन. शिशासारखा राखाडी, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर. श्वासासाठी वर येताना आधी लांब चोच दिसते, मग पाठीची कमान. मलबार किनाऱ्यावरून गेलेल्या नमुन्यावरून प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी 1829 मध्ये त्याचे वर्णन केले. तेव्हा जात ठरायची ती रंग, कवटी आणि दात पाहून.

1943 मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ स्यूअल राइट यांनी अंतराचा मुद्दा मांडला. जितके लांब राहाल तितकी सोयरीक कमी, आणि तितका आनुवंशिक फरक जास्त. गंगा आणि सिंधूमधले डॉल्फिन वेगळे का झाले हे समजणे सोपे आहे, कारण मध्ये जमीन आहे. पण सलग समुद्रात केवळ अंतराने सगळे फरक उलगडेनात.

2005 मध्ये संशोधक आदा नातोली आणि सहकाऱ्यांनी काळ्या समुद्रापासून स्कॉटलंडपर्यंतचे बॉटलनोज डॉल्फिन तपासले. त्यांच्या समूहांच्या सीमा पडल्या होत्या त्या अधिवास बदलतो तिथे. 2011 मध्ये मार्टिन मेंडेझ आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया आणि ओमान इथल्या हम्पबॅक डॉल्फिनचा डीएनए उपग्रहांनी टिपलेल्या माहितीशेजारी ठेवला. पाण्याचे तापमान, गढूळपणा आणि हरितद्रव्य जिथे बदलत होते, तिथेच वंशही वेगळे होताना दिसले. 2014 मध्ये हम्पबॅक डॉल्फिनच्या चार स्वतंत्र जाती मांडल्या गेल्या, त्याला अशा डीएनए अभ्यासांचा मोठा आधार होता.

असे का व्हावे? हम्पबॅक डॉल्फिन उथळ पाण्यातला, सहसा पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीतला. खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीबरोबर येणारे मासे हे त्याचे अन्न. पिल्लू दीर्घकाळ आईच्या सोबत राहते आणि कुठे, कोणत्या वेळी, कसे मासे पकडायचे ते तिच्याकडूनच शिकते. गढूळ पाण्यात वाढलेल्याला निळे खोल पाणी परकेच. तो दूर जात नाही, त्याची पिल्लेही जवळपासच वाढतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हाच क्रम चालला की वंशाची वाट वेगळी होते. पोहण्याची ताकद असणे आणि जावेसे वाटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता पनवेलकडे पाहू. खाडीकाठी भराव पडले, उलवे टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि विमानतळ उभा राहिला. तळोज्याच्या कारखान्यांचे पाणी कासाडी नदीतून याच खाडीकडे येते. गाळ, क्षार आणि माशांची ये-जा या साऱ्यांवर अशा कामांचा परिणाम होतो, आणि डॉल्फिनच्या वंशाच्या सीमा आखतात त्या अशाच गोष्टी. विकास हवाच, पण ‘इथले गेले तर दुसरीकडून येतील’ हा दिलासा खोटा आहे. एका किनाऱ्याशी जुळलेला समूह संपला, तर त्याची जागा भरून निघेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आंतरराष्ट्रीय लाल यादीत कोकणातल्या या डॉल्फिनची जात धोक्यात असलेली म्हणून नोंदली आहे. म्हणून खाडीवर नवा प्रकल्प आला की त्याच्या पर्यावरण अहवालात किती झाडे तुटणार एवढेच विचारून थांबू नका. पाणी किती गढूळ होणार, गोडे पाणी किती येणार, मासे कुठे जाणार, हेही विचारा. जनसुनावणीला जा आणि उत्तर लेखी मागा.