न निवडलेल्यांची साक्ष

विश्वविद्यालयांत कोणास घ्यावें व कोणास दारांतून परतवावें, हा वाद निघाला म्हणजे निवड करणारे आपल्या कसोटीच्या समर्थनार्थ म्हणतात, "आम्ही घेतलेलीं मुलें पाहा, तीं कशीं चमकलीं!" हें ऐकतांना आम्हांस नेहमीं वाटतें कीं, येथें साक्षीदार एकाच बाजूचे बोलाविले आहेत. परतविलेलीं मुलें आंत आलीं असतीं तर त्यांनीं काय केलें असतें, हें सांगावयास कोणीच उरत नाहीं.

हा दुसरा साक्षीदार अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत १९७९ सालीं योगायोगानें पुढें आला. ह्यूस्टन येथील वैद्यकीय विद्यालयानें अर्ज चाळून सुमारें ८०० जणांच्या मुलाखती घेतल्या, त्यांस क्रम लाविला आणि वरच्या ३५० जणांतून १५० विद्यार्थी घेतले. मागाहून राज्याच्या कायदेमंडळानें आणखी ५० जागा भरावयास लाविल्या. वरच्या क्रमांकाचे उमेदवार एव्हांना दुसरीकडे गेले होते. उरले ते ७०० च्या पुढचे. त्यांतील बहुतेकांस दुसऱ्या कोणत्याहि विद्यालयानें घेतलें नव्हतें. त्यांतूनच ५० घेतले. दोन्ही गटांची तुलना १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. अभ्यासांत, रुग्ण तपासण्याच्या कौशल्यांत, मिळविलेल्या मानांत, शिक्षण अर्धवट सोडण्यांत, कशांतच म्हणण्याजोगा फरक आढळला नाहीं.

यावरून गुणांस कांहींच किंमत नाहीं असें मात्र ठरत नाहीं. हीं मुलें कागदावरच्या चाळणींतून पार पडलेलींच होतीं. फोल ठरली ती मुलाखतींतील पारख. कारण दोन गटांतील अंतर बहुतांशीं तिनेंच पाडलें होतें. समोर बसविलें कीं माणूस कळतो, अशी अनुभवी अध्यापकांची समजूत असते. (आमचीहि होती.)

जागा थोड्या, मागणारे पुष्कळ; कोणास तरी नाहीं म्हणावेंच लागतें, त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. दोष आहे तो "जागा नाहीं" असें न म्हणतां "तूं योग्य नाहींस" असें भासविण्यांत. पहिलें खरें असतें. दुसरें खरें कीं खोटें, हें बोलणारासहि ठाऊक नसतें. नेदरलंडमध्यें वैद्यकीच्या जागा कित्येक वर्षें सोडतीनें दिल्या जात. गुण अधिक असणारास संधि अधिक, इतकेंच. ही रीत पुष्कळांस पोरकट वाटेल. परंतु तेथून परतणाऱ्या मुलास घरीं जाऊन एवढें तरी सांगतां येई कीं, माझी चिठी निघाली नाहीं.