स्क्रीन न जोडता

वायर अजून जोडू नका. बोर्ड तळहातावर घ्या आणि थोडा वेळ नुसता बघा. हा रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू: 65 मिलिमीटर लांब, 30 मिलिमीटर रुंद, मेमरी 512 एमबी. त्याच्या कडेला मिनी एचडीएमआयचं पोर्ट आहे. ते रिकामंच राहणार आहे. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. त्याच्याशी जे बोलायचं ते घरातल्या वायफायवरून.

आता लक्ष मायक्रोएसडी कार्डाकडे आणा. स्क्रीनसमोर बसून संगणक लावताना तो एकेक प्रश्न विचारत जातो, आपण उत्तरं देतो, चुकलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करतो. इथं त्याला विचारायची सोय नाही. लहान मुलाला एकट्यानं एसटीत बसवून आजोळी पाठवताना आई त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवते. तसं जे लागेल ते सगळं निघण्याआधीच लिहून द्यायचं.

कार्ड लॅपटॉपला जोडा, त्यावर सिस्टिम लिहिणारा रास्पबेरी पाय इमेजर हा प्रोग्राम उघडा आणि सेटिंग्जचे रकाने सावकाश भरा. होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं बोर्डाचं नाव. वापरकर्त्याचं नाव. पासवर्ड. वायफायचं नाव, कॅपिटल-स्मॉल अक्षरं जशीच्या तशी. देश. एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्गे बोर्डाशी बोलायची सोय, चालू. दर रकान्यापाशी एक श्वास थांबून स्वतःला विचारा: हे मला ठाऊक आहे, की नुसतं वाटतंय? राउटर दोन वेगळ्या नावांनी सिग्नल देत असेल तर कुठलं नाव लिहिलंत? या बोर्डाला फक्त 2.4 गिगाहर्ट्झ ऐकू येतं. 5 गिगाहर्ट्झचं नाव दिलं, तर तो ते शोधतच राहील आणि आपल्याला कळवणार नाही.

पासवर्डाच्या रकान्यापाशी जरा जास्त थांबू. पूर्वी या बोर्डांच्या सिस्टिममध्ये एसएसएच आपोआप चालू असायचं, आणि वापरकर्ता ‘पाय’, पासवर्ड ‘रास्पबेरी’ ही जोडी सगळ्यांना पाठ होती. 2016 मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रामनं कंपनीनं दिलेलेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येनं ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून एसएसएच मुळात बंद येऊ लागलं. एप्रिल 2022 मध्ये तो सामाईक ‘पाय’ वापरकर्ताही गेला. मला हे दोन्ही बदल मनापासून पटतात. स्क्रीन नसलेल्या यंत्रात कुणी शिरलं, तर ते कुणाच्या डोळ्यांना दिसणार? म्हणून हा एक पासवर्ड तरी दुसऱ्या कुठेही न वापरलेला असू द्या.

कार्ड बोर्डात सरकवा. ‘पॉवर इन’ लिहिलेल्या पोर्टात वायर लावा. चार्जर 5 व्होल्टचा, अडीच अँपिअरचा. हिरवा दिवा लुकलुकू लागेल.

आता काहीही करू नका. हात मांडीवर ठेवा.

हात शिवशिवतील. वायर काढून परत लावून बघावी असं वाटेल. ती घाई नीट बघा. तिला एवढंच हवंय की काहीतरी दिसावं. आत मात्र या घडीला बरंच चाललं आहे. सिस्टिमचा भाग पसरून पूर्ण कार्ड व्यापतो आहे. या बोर्डाच्या ओळखीच्या किल्ल्या पहिल्यांदाच तयार होत आहेत. तुम्ही लिहिलेलं नाव, पासवर्ड, वायफाय जागच्या जागी बसतंय, मध्येच बोर्ड स्वतःला पुन्हा चालू करतो आहे. पहिल्या खेपेला यात काही मिनिटं जातात. वायर आत्ता ओढली तर कार्डावरचं लिखाण अर्धवट राहील.

दिवा बघत राहा. लुकलुक अनियमित असेल तर कार्ड वाचलं जातंय. मोजून चार वेळा, थांबून पुन्हा चार वेळा लुकलुकला, तर सुरुवातीची फाइल सापडलेली नाही. सात वेळा, तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सापडलेलं नाही. मग कार्ड नव्यानं लिहायचं. दिवा ठीक आहे आणि बोर्ड नेटवर्कवर नाही, तर रकान्यांकडे परत जायचं. नुसतं ‘चालत नाही’ म्हणून हताश होण्यापेक्षा कुठवर पोचलं ते ओळखणं किती निराळं आहे, हे इथं जरा मनात मुरू द्या.

लॅपटॉपवर टर्मिनल उघडा. एसएसएच, वापरकर्त्याचं नाव, ॲट, होस्टनेम आणि पुढे डॉट लोकल. हे होस्टनेम कुणाचं, असा प्रश्न घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना एकदम जातो. ज्याचं ते असेल तो बोर्ड स्वतः उत्तर देतो. मग बोर्डाच्या किल्लीचं फिंगरप्रिंट दाखवून विचारलं जातं, पुढे जायचं का? ‘येस’ लिहिण्याआधी ती ओळ वाचा. नेटवर्कवर पासवर्ड चोरले जात होते म्हणूनच 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. उद्या कार्ड पुन्हा लिहिलंत तर किल्ल्या बदलतील आणि लॅपटॉप इशारा देईल. तो साहजिक आहे. काहीच केलं नसताना इशारा आला, तर तिथंच थांबा.

पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा उमटणार नाहीत. बोटांवर भरवसा ठेवून एंटर दाबा. प्रॉम्प्टवर तुम्ही दिलेलं होस्टनेम आलं, की पहिलं काम अपडेटचं. नंतर ‘एक्झिट’ लिहून निघालात तरी बोर्ड चालूच राहील. बंद करायचा असेल तेव्हा ‘सुडो पॉवरऑफ’, मगच वायर. आणि होस्टनेम व वापरकर्त्याचं नाव कागदी पट्टीवर लिहून बोर्ड ठेवाल त्या डबीला चिकटवा. पासवर्ड मात्र तिथं नको.