विसरलेल्या गाण्याचे ‘अपूर्व’

जे गाणे रचले गेले, गायले गेले आणि ध्वनिमुद्रितही झाले, परंतु ज्याला श्रोते लाभले नाहीत, त्याचे सौंदर्य कोठे असते, हा प्रश्न वरवर पाहता रसिकांच्या आवडीनिवडीचा वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, हिंदी चित्रपटगीते पुढे ‘पायदान’ चढू-उतरू लागली आणि गाण्याचे मोल म्हणजे त्याची मागणी, हे समीकरण श्रोत्यांच्या अंगवळणी पडले. त्याच वर्षीच्या ‘संगदिल’ला आणि १९६३ च्या ‘रुस्तम सोहराब’ला संगीत देणाऱ्या सज्जाद हुसेन यांची थोरवी जाणकारांनी मान्य केली, तरी त्यांच्या बहुतेक रचना या शिडीच्या बाहेरच राहिल्या.

नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते ध्वनी उत्पन्न होतो आणि म्हणून नाशही पावतो. ज्याला आरंभ आहे आणि जे इंद्रियांनी ग्रहण होते ते अनित्य, या न्यायाने गाणे गायनापुरतेच असते. मीमांसकांनी, म्हणजे वैदिक विधिवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र मांडणाऱ्यांनी, याउलट शब्द नित्य मानला आणि उच्चाराने तो निर्माण होत नसून अभिव्यक्त होतो, म्हणजे आधीच असलेला प्रकट होतो, असे प्रतिपादन केले. हा सिद्धांत वेदाच्या अपौरुषेयत्वाच्या समर्थनार्थ असल्यामुळे माणसाने रचलेल्या गाण्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही लाखेच्या जुन्या तबकडीने या वादाला एक दृष्टांत पुरवला आहे. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे आणि पोलादी सुई प्रत्येक फेरीत खाचेची भिंत किंचित झिजवीत असे, त्यामुळे घराघरांत लाडकी झालेली तबकडी खरखरू लागे, तर कोणी न वाजवलेली पाकिटात कोरीच राही. त्या कोऱ्या खाचेत जे टिकून असते तो ध्वनी नव्हे, ध्वनी होण्याची योग्यता होय.

योग्यता म्हणजे रस नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. रसविचाराचे आचार्य अभिनवगुप्त यांच्या मते रस हा घड्यासारखा तयार करून ठेवलेला पदार्थ नसून चर्वणा, म्हणजे आस्वाद, चालू असेपर्यंतच त्याचे अस्तित्व असते आणि त्यासाठी सहृदय लागतो, म्हणजे काव्याच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा रसिक लागतो. म्हणून न ऐकलेल्या गाण्यात रस आहे असे म्हणता येत नाही आणि ते रिकामे आहे असेही म्हणता येत नाही.

या मधल्या अवस्थेला मीमांसकांकडेच एक नाव सापडते. यज्ञ आज संपतो आणि त्याचे फळ, स्वर्ग, कालांतराने मिळते. मग संपलेले कर्म फळ कसे देईल, या शंकेवर त्यांनी ‘अपूर्व’ ही कल्पना मांडली, म्हणजे कर्माने उत्पन्न झालेली आणि फळ मिळेपर्यंत टिकणारी अदृश्य शक्ती. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये वारले, ‘पाकीजा’ १९७२ मध्ये प्रदर्शित झाला आणि चित्रपटात न घेतलेली त्यांची गाणी १९७७ मध्ये ‘पाकीजा रंग बरंग’ या स्वतंत्र तबकडीवर आली. मृत्यूनंतर नऊ वर्षे त्या गाण्यांचे अपूर्वच तेवढे शिल्लक होते.

मात्र या उपमेला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की उपेक्षा हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, कारण विसरली गेलेली असंख्य गाणी विसरण्याच्याच लायकीची होती. त्याचप्रमाणे मान्यता मिळाली म्हणजे सहृदय मिळाले असेही होत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावर अमोल पालेकरांनी काढलेल्या ‘अनकही’ (१९८५) या चित्रपटासाठी जयदेव यांनी पंडित भीमसेन जोशी यांच्याकडून भजने गाऊन घेतली, त्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तरी जयदेवांचे नाव निघताच सर्वसामान्य श्रोत्याला आठवतो तो प्रायः ‘हम दोनो’.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. शास्त्राने सांगितलेले फळ कर्म करणाऱ्यालाच मिळते, असा मीमांसेचा दंडक आहे. विसरलेल्या गाण्याच्या बाबतीत मात्र श्रम रचणाऱ्याचे आणि फळ पुढच्या पिढीतील श्रोत्याचे, अशी वाटणी होते. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ ज्याच्या पदरात पडते तो ऋणी ठरतो. वैदिक परंपरेने माणसाच्या जन्मजात ऋणांत देवऋण आणि पितृऋण यांच्या जोडीला ऋषिऋण गणले आणि ते फेडण्याचा मार्ग अध्ययन हा सांगितला, म्हणजे मिळालेले वाङ्मय आपल्या कंठात जिवंत ठेवून पुढे सोपवणे. त्याच अर्थाने उपेक्षित गाणे शोधून, लक्षपूर्वक ऐकून, त्याच्या कर्त्याच्या नावासह दुसऱ्याच्या कानी घालणे हा रसिकाचा छंद नसून त्याच्यावरचे ऋण आहे, आणि गुलाम मोहम्मद यांच्यासारख्यांच्या बाबतीत ते फेडण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाही.