भिंत आणि मुदतठेव

माणसानं आयुष्यात एकच काम करावं की अनेक, या प्रश्नावर मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी काय म्हणून ठेवलं आहे ते मला ठाऊक नाही. मी बी.कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. शिवाय पनवेलच्या एका बँकेत मी गेली 22 वर्षं एकाच खुर्चीत बसतो आहे. (खुर्ची मध्ये एकदा बदलली, पण ती मोडली म्हणून, मी बदललो म्हणून नव्हे.) तेव्हा अनेक कामं करण्याचा अनुभव माझ्या गाठी नाही. पण अनेक कामं करणाऱ्याचा खर्च कुठून निघतो, हे मात्र मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलं आहे.

हे पाहायला लावलं माझ्या भाच्यानं. भाचा म्हणजे ताईचा एकुलता एक. भावोजी गेले तेव्हा तो अकरावीत होता. भावोजींच्या फंडाचे पैसे ताईनं माझ्याच सल्ल्यानं माझ्याच बँकेत पाच पावत्या करून ठेवले. "एकच मोठी पावती करू नये, अडीनडीला एखादी मोडता येते," असं मी मोठ्या शहाणपणानं तिला सांगितलं होतं. अडीनडी भिंतीवरून उतरून येईल, हे तेव्हा कुणाला माहीत!

एका सकाळी दूध आणायला उतरलो तर ताईच्या सोसायटीच्या कंपाउंडपुढे गर्दी. भिंतीवर जांभळ्या-हिरव्या रंगात, तेलात सोडलेल्या पुऱ्यांसारखी टम्म फुगलेली अक्षरं. सेक्रेटरींना ती इंग्रजी वाटली. इंग्रजी येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना ती मोडी वाटली. मोडी येणारे एक आजोबा चष्मा पुसून म्हणाले, "मोडी नाही, एवढं खात्रीनं सांगतो." शेवटी भाच्यानंच पुढे होऊन सांगितलं की ते त्याचं नाव आहे, देवनागरीत, आणि या प्रकाराला ग्राफिटी म्हणतात. गुन्हेगार स्वतः होऊन पुढे आला, कारण त्याला तो गुन्हा वाटतच नव्हता. "मामा, एवढी भिंत नुसती पांढरी ठेवणं हा अन्याय नाही का?" मी म्हटलं, "भिंत कुणाची?" तो म्हणाला, "कुणाचीच नाही, सोसायटीची."

भिंत पुन्हा पांढरी करण्याचा खर्च आणि स्प्रेच्या डब्यांचा खर्च मिळून पहिली पावती मोडली.

दोन वर्षांनी चित्रं मागे पडली आणि गाणं आलं. गाणं म्हणजे रॅप. आवाज घुमू नये म्हणून त्यानं खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले. ज्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी ताई तुळशीकडे बघायची, त्या घरात चारही बाजूंनी अंड्यांचे पुठ्ठे! त्याचं एक गाणं मी ऐकलं. पनवेलच्या एस.टी. स्टँडवर इतका खरा संताप मी कुठल्याही अग्रलेखात वाचलेला नाही. शब्द पटले, चाल मात्र शेवटपर्यंत सापडली नाही. माइक, स्पीकर आणि एक काळी पेटी, मिळून दुसरी पावती.

मग गड आले. कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याकडे आम्ही पनवेलकर जन्मभर महामार्गावरूनच बघत आलो. हा तिथून सुरू झाला तो प्रबळगड, कलावंतीण करत सह्याद्रीतल्या गुहा धुंडाळू लागला. कुठल्या कड्यात पाण्याचं टाकं आहे, कुठली वाट बुजली आहे, याच्या वह्या भरल्या. दोर, शिरस्त्राण, बूट आणि आकाशात उडणारा कॅमेरा. तिसरी पावती.

मुदतीआधी ठेव मोडायची तर व्याज कमी मिळतं, एवढं ग्राहकाला सांगणं आमचं काम. ते मी तिन्ही वेळा ताईला सांगितलं. "का मोडतेस?" हे विचारायला फॉर्मवर रकाना नाही, बँकांच्या अंगी जी काही थोडी सभ्यता आहे ती अशी फॉर्मात असते. ताई दर वेळी सही करता करता खाली बघून म्हणायची, "त्याला काही बोलू नकोस हं. त्याला वाटतं, पेन्शनमध्ये भागतं." आणि खातेदाराची माहिती तिसऱ्या माणसाला सांगायची नाही, हा तर आमचा नियमच. भाचा हा तिसरा माणूस.

मामा म्हणून बोलायला मात्र नियम आड येत नाही. एका रविवारी मी त्याला आमच्या आजीची म्हण ऐकवली: एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यानं शांतपणे मला गोल्डी नावाच्या इंग्रजाची हकिकत सांगितली. हा गृहस्थ आधी भिंती रंगवायचा. मध्ये अमेरिकेत सोन्याचे दात विकायचा. मग संगीतात आला, 1995 साली त्याची ‘टाइमलेस’ ही तबकडी गाजली. 1999 च्या बाँडपटात त्यानं काम केलं, आणि 2008 साली बीबीसीच्या स्पर्धेत ऑर्केस्ट्रा चालवायला शिकून दुसरा आला. मी मनात म्हटलं, एवढ्या वेळात आमच्याकडे मधल्या पंख्याची दुरुस्तीही मंजूर होत नाही. पण एक गोष्ट मी टिपून ठेवली. गोल्डी लहानपणी अनाथ मुलांच्या संस्थांत आणि परक्यांच्या घरी वाढला. त्याच्यामागे कुणाच्या पावत्या नव्हत्या. तो पडला असता तर स्वतःच्याच अंगावर पडला असता.

"इंग्रजाचं सोड," मी म्हटलं. हे मी चुकून म्हटलं, कारण त्यानं लगेच मोबाइलवर एक फोटो काढला. वांद्र्याला एम.टी.एन.एल.च्या इमारतीवर 2014 साली रणजित दहिया या चित्रकारानं रंगवलेले दादासाहेब फाळके. आख्खी भिंत भरून. "आता यांना म्हण चिंध्या," भाचा म्हणाला.

म्हणणार काय, कपाळ! फाळके जे.जे.त चित्रकला शिकले. गोध्र्याला फोटोग्राफर झाले. जादूचे प्रयोग केले. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, ती सोडली. लोणावळ्याला छापखाना, मग छपाईतलं नवं शिकायला जर्मनी. चाळिशीत, म्हणजे ज्या वयात मी रक्तदाब मोजायला लागलो त्या वयात, या माणसानं सिनेमा काढायचं ठरवलं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून 1912 साली विलायतेला जाऊन कॅमेरा आणला आणि 1913 च्या 3 मेला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावला.

पॉलिसी गहाण, हे शब्द आले की माझ्यातला कारकून जागा होतो. मी त्या रात्री चित्रकार सोडला आणि सरस्वतीबाईंचा विचार करत पडलो. फाळक्यांच्या त्या पत्नी. त्यांनी दागिने दिले. सगळ्या कंपनीचा स्वयंपाक केला. चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवायला चादरी धरून उन्हात उभ्या राहिल्या आणि रात्री बसून फिल्मला भोकं पाडली. वांद्र्याच्या भिंतीवर दादासाहेब आहेत, आणि ते योग्यच आहे. पण मला राहून राहून वाटलं, दादासाहेबांनी आधी ज्या भिंतीवर रंग मारून पाहिले ती भिंत सरस्वतीबाईंची होती.

आणि चित्रपट कुणावर काढला? हरिश्चंद्रावर! सत्त्व राजाचं, वचन राजाचं, स्वप्नात दिलेलं दानही राजाचं; आणि काशीच्या बाजारात विकायला उभी तारामती. लहानपणी ही कथा ऐकताना आम्हां सगळ्यांना राजाबद्दल गहिवर यायचा. तारामतीला कुणी आधी विचारलं होतं का, असा प्रश्न कीर्तनकारांनी काढला नाही आणि आम्हीही नाही.

याचा अर्थ माणसानं धंदा बदलू नये असा नव्हे. आमच्या पलीकडच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्याला लष्करी हिशेबखात्यात कारकूनच होते. त्यांनी खुर्ची सोडली नसती तर आमच्या तालुक्याला अभिमानानं सांगण्यासारखं किती उरलं असतं! मात्र त्यांचा रस्ता एडनच्या तुरुंगात गेला, आणि माझी बदली पेणला होणार अशी नुसती कुजबुज झाली तरी मी रात्रभर छताकडे बघत असतो.

मागच्या महिन्यात भाचा कर्नाळ्याहून तणतणत आला. कुणीतरी किल्ल्याच्या दगडावर दगडानंच बदाम कोरून त्यात दोन नावं खोदली होती. "रंग धुता तरी येतो, मामा. हे कसं जाणार?" मी त्याला अजिंठ्याची आठवण दिली. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या साहेबाला ती लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं काय केलं, तर स्वतःचं नाव अन् तारीख कोरली! "तूही सोसायटीच्या भिंतीवर तुझं नावच काढलं होतंस," मी म्हटलं. तो ओशाळला. "तेव्हा लहान होतो. आता मी विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही."

"आईला विचारतोस?"

"विचारतो ना. दर वेळी विचारतो. ती ‘हो’च म्हणते."

भिंतही कधी नाही म्हणत नाही, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण गोपनीयतेचा नियम आडवा आला. दुसरीही एक गोष्ट आडवी आली. आमच्या वडिलांच्या पगारात दोन मुलांची कॉलेजची फी बसत नव्हती. ताई माझ्याहून हुशार. गाणं शिकत होती, कॉलेजच्या सहलीबरोबर तिला हिमालयात जायचं होतं. बारावीनंतर ती घरी बसली आणि मी बी.कॉम. झालो. 22 वर्षं एका खुर्चीत बसायला लागते ती पात्रता मला अशी मिळाली. भाच्याच्या तीन कामांचे खर्च मी पावतीच्या नंबरासकट सांगू शकतो. माझ्या एका कामाची पावती कुणी फाडलीच नाही. त्या वेळी मी ताईला विचारलं होतं का? विचारलं होतं. ‘हो’ म्हणाली होती.

परवा ताई बँकेत आली. हातात ती नेहमीची निळी पिशवी. भाचा आदल्या रविवारी स्कूबा डायव्हिंगबद्दल काहीतरी बोलत होता, त्यामुळे मी तिला लांबून बघताच मुदतपूर्व मोडीचा फॉर्म काढला आणि पेनाचं टोपणही काढून ठेवलं.

"बाहेरचं मशीन बंद आहे रे," ती म्हणाली. "तेवढं पासबुक भरून दे."

मी पासबुक भरून दिलं. फॉर्म परत खणात ठेवला, पण वरच ठेवला.